हातघडीचा चाकू, चामड्याचे म्यान : नाव असेल तर दाम

आमचा व्यवसाय कापडाचा. लोखंड आणि कातडे हा काही आमच्या दुकानातला माल नव्हे. तरीही आज या पानावर चाकू आणि म्यान यांविषयी लिहीत आहोत, त्यास कारण आहे. कापडाच्या बाजारात जे घडले, तेच लोहाराच्या भट्टीवर घडत आहे. गिरणीचे कापड आले तेव्हा साधे धोतर-लुगडे विणणारा हातमागवाला मागे पडला. येवल्याची पैठणी मात्र टिकली. पैठणी स्वस्त होती म्हणून टिकली नाही. गिरणीला जे जमत नव्हते ते तिच्यात होते, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होते, म्हणून टिकली.

आज यंत्रावर ठोकलेली सुरी आठवडी बाजारात इतक्या कमी भावात मिळते की त्या भावात लोहाराच्या कोळशाचाही खर्च निघत नाही. लोहाराचा मुलगा भट्टीवर बसत नाही, रिक्षा चालवतो किंवा गॅरेजमध्ये जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु याच काळात जगात दुसरीकडे एक माणूस एका भट्टीवर चाकू घडवतो, ग्राहक त्यासाठी महिनोन् महिने थांबतो आणि कारखान्याच्या मालाच्या कित्येक पट दाम आनंदाने मोजतो. हे कसे होते, आणि त्यात आमच्या कारागीर बांधवांना घेण्यासारखे काय आहे, ते या लेखात मांडत आहोत.

दख्खनचे पोलाद, दमिश्कचे नाव

उर्दू शाळेत शिकलेल्यांना जौहर हा शब्द परिचित आहे. तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी उमटते, तिला जौहर म्हणतात. ही नक्षी वरून काढलेली नसे, ती पोलादाच्या अंगातच असे. हे पोलाद मुख्यतः दक्षिण हिंदुस्थानात आणि श्रीलंकेत तयार होई. लोखंड आणि कर्ब मातीच्या बंद मुशीत घालून ते भट्टीत वितळवत आणि हळूहळू थंड होऊ देत. त्यात सुमारे दीड टक्का कर्ब असे. इंग्रजांनी त्याला वुट्झ म्हटले. कानडी-तेलुगूतल्या उक्कू या शब्दावरून हे नाव पडले असे मानले जाते.

आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील मुशीचे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणचे व्यापारी येऊन राहत. हे पोलाद समुद्रमार्गे इराण आणि अरबस्तानाकडे जाई, तेथे त्याच्या तलवारी बनत. जगात नाव कोणाचे झाले? दमिश्क शहराचे. डमास्कस स्टील हे नाव सर्वांना ठाऊक आहे, कोनसमुद्रमचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मूस लावणाऱ्या उस्तादांची नावे तर कोठेच लिहिली गेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात यंत्राचे स्वस्त पोलाद आले आणि हा धंदा बसला. कागदावर काही नव्हते, त्यामुळे उस्तादाबरोबर विद्याही गेली.

विलायतेत मायकेल फॅरेडे हा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचे वडील लोहार होते. त्याने १८१९ ते १८२२ या काळात जेम्स स्टोडार्ट या कारागिराबरोबर याच हिंदुस्थानी पोलादावर प्रयोग केले. जुने जौहरदार पाते पुन्हा कसे बनवावे याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील आल्फ्रेड पेन्ड्रे हा घोड्यांना नाल मारणारा लोहार आणि आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन व्हर्होएव्हन यांनी मिळून तशी पाती घडवली. खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश असेल तरच ती नक्षी उमटते, असे त्यांनी दाखवले. १९९८ साली हे काम शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यावर प्राध्यापकाच्या नावाशेजारी लोहाराचेही नाव होते. आमच्या मते या हकिकतीतली ध्यानात ठेवण्याजोगी बाब हीच आहे.

भंगारातली कमान

ज्या अमेरिकेत एवढे कारखाने, तेथेच हाताने घडवलेल्या चाकूचा धंदा पुन्हा उभा राहिला. फ्लोरिडात ऑर्लँडो येथे डब्ल्यू. डी. रँडल नावाचा संत्र्यांचा बागायतदार होता. १९३६ साली त्याने एका माणसाला चाकूने होडीचा जुना रंग खरवडताना पाहिले. इतके खरवडूनही चाकूची धार गेली नव्हती. तो चाकू विल्यम स्केगल या कारागिराने हाताने घडवलेला होता. रँडलने तो विकत घेतला आणि १९३७ मध्ये स्वतः पहिला चाकू घडवला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांकडून पत्रे येऊ लागली आणि मागणी पुरवता येईना. पुढे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांसाठीही त्याच्या कारखान्यात चाकू बनले.

रॉबर्ट लव्हलेस याची हकिकत तर आमच्या कारागिरांनी जरूर ऐकावी. तो जहाजावर नोकरी करणारा तरुण होता. १९५३-५४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात तो रँडलचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबावे लागेल, असे त्याला सांगण्यात आले. त्याने भंगारातून जुन्या पॅकार्ड मोटारीच्या कमानीचे पोलाद मिळवले, जहाजाच्या भटारखान्यातल्या शेगडीवर ते तापवले आणि चाकू घडवला. तो घेऊन त्याच दुकानात गेला, तेव्हा दुकानदाराने त्याच्याकडूनच माल घेण्यास सुरुवात केली. लव्हलेस २०१० मध्ये वारला. आज त्याच्या हातच्या चाकूला हजारो डॉलर पडतात.

वाहनाच्या कमानीचे पाटे आमच्या लोहारांनाही नवे नाहीत. खेडोपाडी कोयते आणि सुरे याच पाट्यांचे बनतात. मालाचे मूळ तेच, भट्टी तीच. फरक पडला तो पुढच्या कामात आणि विकण्याच्या रीतीत.

दाम कशाचा?

ग्राहक जास्त दाम देतो तो दिसण्यासाठी नव्हे, निदान फक्त दिसण्यासाठी नव्हे. चाकूचा जीव त्याच्या पाण्यात असतो. उर्दूत धारेच्या तेजाला आब म्हणतात, मराठीत पाणी देणे म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट ओळखली आहे.

साध्या बांधकामाच्या लोखंडात कर्ब अगदी थोडा असतो. ते कितीही तापवून बुडवले तरी कडक होत नाही. कमानीच्या पोलादात अर्ध्या टक्क्याहून अधिक कर्ब असतो, म्हणून त्याला पाणी चढते. पाते घडवून झाले की ते दोन-तीनदा लाल करून हवेत थंड होऊ देतात, त्यामुळे घणाच्या मारातला ताण निघून जातो. मग पुन्हा तापवतात. पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला की उष्णता जवळपास आली असे समजावे. त्याहून किंचित वर नेऊन, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला, पाते कोमट तेलात बुडवतात. या वेळी पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. खाली पडले तर तुकडे होतात. म्हणून लगेच ते सुमारे २०० अंशांवर दोन तास, असे दोनदा शेकतात. पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की काम झाले.

इथेच बाजारू माल आणि उस्तादाचा माल वेगळे होतात. दिसायला दोन्ही पाती सारखी, परंतु एकाची धार आठ दिवसांत बसते आणि दुसऱ्याची महिनोन् महिने राहते. शेकण्याचे चार तास वाचवणारा कारागीर आपल्याच पुढच्या ग्राहकाला परत पाठवत असतो.

दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली, भंगारातल्या कमानीत वापरामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. शेतीच्या कोयत्याला ती चालेल, महागाच्या मागणीला पोलादाची नवी पट्टी घ्यावी आणि तिचा दर्जा कागदावर लिहून घ्यावा. दुसरी गोष्ट डमास्कसची. आज या नावाने जे विकले जाते ते जुने मुशीचे पोलाद नव्हे. दोन जातींचे पोलाद एकावर एक ठेवून भट्टीत जोडतात, दुमडतात, पुन्हा जोडतात आणि शेवटी आम्लात बुडवून थर उघडे करतात. तेही मेहनतीचे आणि चांगले काम आहे. परंतु काही जण साध्या पात्यावर वरवर नक्षी उमटवून तेच नाव लावतात. कापडवाल्याला हा भेद लगेच कळतो: एक नक्षी विणलेली, दुसरी छापलेली. खरे पाते घासून पुन्हा आम्लात घातले तर नक्षी परत येते, छापलेली परत येत नाही. जे आहे तेच सांगून विकावे. दाम थोडा कमी येईल, साख राहील.

म्यान म्हणजे अर्धा माल

आमच्याकडे चाकू बनवणारा म्यानाचा विचार शेवटी करतो, किंवा करतच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला चाकू कितीही उत्तम असला तरी ग्राहक त्याला बाजारचीच किंमत देतो. अमेरिकेतले नामांकित कारागीर म्यानासह चाकू देतात. रँडलच्या काही म्यानांना तर धारेच्या दगडासाठी पुढे छोटा खिसा असतो. ग्राहकाच्या कमरेला रोज म्यान दिसते, पाते कामापुरतेच बाहेर येते. दुकानाची पाटी म्हणावी तर म्यानच होय.

म्यानाला कोणते कातडे लागते? क्रोमच्या रसायनात कमावलेले मऊ कातडे, जे जॅकेटला आणि पर्सला वापरतात, ते येथे कामाचे नाही. ते आकार धरत नाही. म्यानाला झाडाच्या सालीत कमावलेले जाड, ताठ कातडे हवे. ते पाण्यात भिजवून चाकूवर दाबले की चाकूचाच आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. असे कातडे शोधायला दूर जाण्याची गरज नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे कोल्हापुरी चपलेला पिढ्यान् पिढ्या वापरले जाते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जो हात चपलेचा तळ शिवतो, तो म्यान शिवू शकतो. रापी तीच, आरी तीच.

शिवण्यात मात्र तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मध्ये कातड्याचीच एक पट्टी घालावी. ती नसेल तर चाकू आत सरकताना दर वेळी टाक्यावर घासतो आणि एके दिवशी दोरा कापून बोटात शिरतो.

दुसरी, टाका हाताचा असावा. शिलाई यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हातटाक्यात मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया जातात. एका ठिकाणी दोरा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. घोड्याच्या खोगिराचा टाका तो हाच.

तिसरी, कातडे पूर्ण वाळल्याशिवाय त्यात चाकू घालून देऊ नये. आणि ग्राहकालाही सांगावे की म्यान नेण्या-आणण्यासाठी आहे, महिनोन् महिने साठवण्यासाठी नाही. कातडे ओल धरते आणि पाते गंजते. पावसाळ्यात चाकू पुसून, तेलाचा हात लावून बाहेर ठेवावा. एवढी एक चिठ्ठी मालाबरोबर दिली तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

कातडे कोणत्या जनावराचे, हे ग्राहक विचारतो आणि त्याने विचारावेच. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे कातडे घ्यावे, बिलासह घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.

यादी, पेशगी आणि कसोटी

आता विक्रीच्या रीतीकडे येऊ. हा धंदा तयार मालाचा ढीग लावून होत नाही. ग्राहक आधी सांगतो: पाते किती लांब, मूठ कोणत्या लाकडाची, डावखुऱ्यासाठी की उजव्यासाठी. तो पेशगी देतो आणि त्याचे नाव यादीत चढते. कारागीर मागणीइतकेच पोलाद घेतो, त्यामुळे भांडवल अडकत नाही. रँडलच्या कारखान्याकडे वर्षानुवर्षांची यादी राहिली आहे, तरी लोक नाव नोंदवतात. आमच्या बाजारात मात्र पेशगी घेऊन तारखा देण्याची सवय आहे. ईदला शिंप्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. चार महिने लागणार असतील तर चार महिने सांगावेत. उशिराने ग्राहक तुटत नाही, खोट्या तारखेने तुटतो.

दुसरी गोष्ट संघटनेची. १९७० मध्ये तेथे नाइफमेकर्स गिल्ड हा कारागिरांचा संघ स्थापन झाला. त्याच्या १९७३ च्या प्रदर्शनात विल्यम मोरन या लोहाराने थरांच्या पोलादाचे चाकू मांडले. ही विद्या त्या देशात जवळजवळ विसरली गेली होती. त्याने ती लपवली नाही, शिकवली. १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी निघाली आणि १९८८ मध्ये आर्कान्सास राज्यात तिची शाळा सुरू झाली.

या संस्थेची परीक्षा पाहण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची. एवढे झाल्यावर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पाते शिकंज्यात धरून ९० अंशांपर्यंत वाकवायचे. ते मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ नरम असे दुहेरी पाणी दिलेले असेल तरच हे जमते. उस्तादाच्या परीक्षेला तर हे पाते किमान ३०० थरांचे लागते. परीक्षेत चाकू निकामी होतो, परंतु त्यानंतर कारागिराच्या शब्दावर ग्राहक डोळे झाकून विश्वास ठेवतो.

रामपूरचा धडा

नाव आपल्या हाती ठेवले नाही तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू नवाबी काळापासून प्रसिद्ध. घडवणारे बहुतेक आमचेच बांधव. मुंबईच्या चित्रपटांनी रामपुरी हे नाव घरोघर पोचवले, पण गुंडाच्या हातात देऊन पोचवले. मागोमाग स्वस्त नकला आल्या. १९९० च्या दशकात राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याला बंदी केली आणि उस्तादांची दुकाने एकेक करून बंद होत गेली. मार्च २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. शहराची शान म्हणून ते ठीकच आहे, पण तो उभा राहिला तेव्हा घडवणारे हात थोडेच उरले होते.

म्हणून आमचा आग्रह आहे की या धंद्यात पडणाऱ्याने कामाचा चाकू बनवावा: स्वयंपाकघराचा, खाटकाचा, शेतकऱ्याचा, बागवानाचा. हॉटेलच्या उस्तादाला चांगला सुरा हवाच असतो. केंद्राच्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्राला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. बटण दाबून उघडणारे चाकू, खंजीर, तलवारी यांच्या वाटेस जाऊ नये. पोलिसांचे मनाई हुकूम वेळोवेळी निघतात, तेव्हा माल घेऊन फिरताना बिल जवळ असावे. प्रत्येक विक्रीची नोंद नाव, पत्ता आणि तारखेसह वहीत ठेवावी. आमच्या वस्तीत चाकूचा धंदा करणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे सांगायला नको. नीट लिहिलेली वही हीच त्याची ढाल आहे.

करावे काय?

एका चाकूला आणि म्यानाला मिळून दोन-तीन दिवस जातात. किंमत ठरवताना पोलाद, कोळसा, मुठीचे लाकूड, कातडे आणि दोरा धरावाच, पण दिवसांची मजुरी आणि पाणी देताना तडकलेल्या पात्यांचे नुकसानही धरावे. आमचा लोहार हे शेवटचे दोन आकडे कधीच धरत नाही आणि मग धंद्यात बरकत नाही म्हणतो.

केंद्राच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहार, शस्त्रकार, हातोडा व औजारे बनवणारे आणि चर्मकार हे सारे येतात. त्यात व्याजाचे कर्ज आहे. ते घ्यावे की न घ्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु औजारांसाठीची १५ हजार रुपयांपर्यंतची मदत कर्ज नव्हे, आणि प्रशिक्षणही आहे. नोंदणी करून घेण्यात काहीच हरकत नाही.

उरला प्रश्न आम्हा व्यापाऱ्यांचा. लोहाराला आणि म्यान शिवणाऱ्याला एकत्र आणणे, ग्राहकापर्यंत पोचवणे, पेशगीचा हिशेब चोख ठेवणे हे काम व्यापाऱ्याचेच आहे. त्याबद्दल आपला नफा घ्यावा, हक्काने घ्यावा. मात्र पात्यावर ठसा लोहाराचा असावा आणि म्यानाच्या पाठीवर शिवणाऱ्याचा. दुकानाचे नाव डब्यावर चालेल. ठसा असला की खराब मालाची लाज त्याच हाताला वाटते आणि चांगल्या मालाची मागणी त्याच दारी येते. मुलाला बापाचे नाव पोलादावर कोरलेले दिसले, त्या नावाला दाम मिळताना दिसला, तर तो भट्टीपाशी बसेल. नुसत्या उपदेशाने तो बसणार नाही.